बुद्धिबळाच्या जुन्या ग्रंथांना हात लावणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
बुद्धिबळाचे अभिजात ग्रंथ नव्या आवृत्त्यांत आणणारे संपादक व प्रकाशक,
आणि ते मराठीत आणू इच्छिणारे अनुवादक यांस,

सप्रेम नमस्कार.

कापाब्लांका, लास्कर, निम्झोविच, अलेखाइन, ब्रॉन्स्टीन आणि ताल या थोर खेळाडूंची पुस्तके गेल्या काही दशकांत नव्या मांडणीत पुन्हा उपलब्ध होऊ लागली, याबद्दल मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. फोनवर रोज पाचपन्नास झटपट डाव खेळणाऱ्या मुलाला एकाच डावापाशी तासभर बसवायचे असेल, तर या पुस्तकांइतके उपयोगी साधन मला अजून सापडलेले नाही. म्हणूनच ही पुस्तके ‘आजच्या वाचकासाठी’ करताना त्यांत जे बदल होतात, त्यांपैकी कोणते आवश्यक आहेत आणि कोणते करण्याचा अधिकार आपल्याला नाही, याविषयी जाहीरपणे लिहावे असे मला वाटले.

नूतनीकरणाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. इंग्रजीतील जुनी पुस्तके ज्या वर्णनात्मक पद्धतीत चाली नोंदवत, ती पद्धत आजच्या मुलांना वाचता येत नाही आणि ती त्यांनी शिकावी असा आग्रह धरण्यातही अर्थ नाही. त्या पद्धतीत प्रत्येक घराला दोन नावे असत, कारण घरे आपापल्या बाजूने मोजली जात. पांढऱ्याचे ‘के४’ (किंगच्या, म्हणजे राजाच्या पट्टीतले चौथे घर) म्हणजे आजचे ई४, तर काळ्याचे ‘के४’ म्हणजे ई५. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने १९८१ पासून या पद्धतीची मान्यता काढून घेतली आणि तेव्हापासून अधिकृत स्पर्धांत बीजगणितीय पद्धतच, म्हणजे प्रत्येक घराला ई४, ई५ असे एकच नाव देणारी पद्धत चालते. वास्तविक ही ‘नवी’ पद्धतही जुनीच आहे. अलेप्पोहून युरोपात गेलेल्या फिलिप स्टाम्मा याने तिचा आरंभीचा अवतार १७३७ मध्ये आपल्या पुस्तकात वापरला होता. तेव्हा चालींची भाषा बदला, आकृत्या वाढवा, अक्षर मोठे करा, बांधणी अशी करा की पुस्तक पटाशेजारी उघडे राहील. याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

परंतु चालींची भाषा बदलण्याचे काम यंत्रवत करण्यासारखे नाही, आणि ते तसे केल्याची फळे वाचक भोगतो. जुन्या पद्धतीत ‘घोडा बी३’ एवढेच लिहिलेले असे (‘बी’ म्हणजे बिशपची, अर्थात उंटाची पट्टी). कोणता घोडा, आणि वजिराच्या बाजूचे बी३ की राजाच्या बाजूचे, हे पटावरच्या स्थितीवरून ठरत असे. एक घोडा राजासमोर बांधला गेलेला असेल, तर तो हलूच शकत नाही म्हणून दुसऱ्या घोड्याचा खुलासा लेखक करीत नसे. अशा वेळी रूपांतर करणाऱ्यासमोर पट मांडलेला नसला, तर चूक होणारच. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने स्वस्तात मिळालेले असे एक पुनर्मुद्रण वर्गात आणले होते. काळ्याच्या हत्तीची चाल मुळात ‘क्यू१’ होती, म्हणजे काळ्याच्या बाजूने मोजलेले डी८. छापताना ती पांढऱ्याच्या बाजूने मोजली गेली आणि डी१ झाली. एफ८ वर उभा असलेला हत्ती एका चालीत डी१ वर जाऊच शकत नाही. त्या मुलाने आपलेच आधी काहीतरी चुकले असे समजून डाव पुन्हा पहिल्यापासून मांडला, पुन्हा तिथेच अडला, आणि मग पुस्तक मिटून ठेवले. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला छापील अक्षराविषयी शंका येत नाही, तो स्वतःविषयी शंका घेतो. म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे: नव्या आवृत्तीतील प्रत्येक चाल, टिपांमधील उपचालींसह, छपाईपूर्वी कोणीतरी पटावर किंवा संगणकावर खेळून पाहिलेली असावी. आज हे काम पूर्वीपेक्षा कितीतरी सोपे झाले आहे आणि नियमबाह्य चाल तर कोणतीही साधी प्रणाली क्षणात पकडते.

खरा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. चाली बदलून लिहिता लिहिता संपादकाचा हात लेखकाच्या शब्दांपर्यंत आणि विचारांपर्यंत पोचतो. याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकन जगज्जेता बॉबी फिशरच्या ‘माय सिक्स्टी मेमोरेबल गेम्स’ या पुस्तकाचे आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या या पुस्तकात फिशरने १९५७ ते १९६७ या काळातील आपले साठ डाव निवडले होते आणि त्यांत बरोबरीत सुटलेले नऊ आणि हरलेले तीन डावही होते. प्रत्येक डावाला अमेरिकन ग्रँडमास्टर लॅरी इव्हान्सने छोटा परिचय लिहिला होता. लंडनच्या बॅट्सफर्डने १९९५ मध्ये त्याची बीजगणितीय पद्धतीतील आवृत्ती काढली. बुद्धिबळाचे इतिहासकार एडवर्ड विंटर यांनी दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा मजकुरात शेकडो ठिकाणी बदल झाल्याचे दिसून आले. फिशरची वाक्ये सुधारली गेली होती आणि त्याच्या विश्लेषणातही ढवळाढवळ झाली होती. फिशर तेव्हा हयात होता, पण त्याची परवानगी घेण्यात आलेली नव्हती, आणि पुढे रेडिओवरील मुलाखतींत त्याने याविषयी आपला संताप जाहीर केला.

त्यातील एका प्रसंगाकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे. स्टॉकहोमच्या १९६२ च्या स्पर्धेत फिशरने अर्जेंटिनाच्या हुलिओ बोलबोचानला हरवले, तो डाव या संग्रहात आहे. त्यावरील फिशरचे विश्लेषण चुकले आहे असे समजून नव्या आवृत्तीत ते बदलण्यात आले. प्रत्यक्षात फिशरचेच बरोबर होते आणि चूक होती ती दुरुस्तीत. मूळ पुस्तक ज्याच्या हाती नाही, असा वाचक ही चूक फिशरच्याच नावे लिहिणार, कारण मुखपृष्ठावर नाव फिशरचे आहे आणि आत कुठेही ‘हे वाक्य आमचे’ असे म्हटलेले नाही. संपादक चुकला याचे मला विशेष वाटत नाही, कारण विश्लेषणात सगळेच चुकतात. मला खटकते ते हे की ज्याने वाक्य लिहिलेच नाही, त्याच्या तोंडी ते घातले गेले. पुढे फिशरच्या निधनानंतर, २००८ मध्ये, त्याच प्रकाशनाने फिशरच्या मूळ मजकुराशी प्रामाणिक राहणारी आवृत्ती काढली आणि त्यात फक्त चालींची पद्धत बदलली. ती आवृत्ती निघाली याचा अर्थ असा की दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात साधता येतात. आजच्या वाचकाला वाचता येईल अशी नोंदही ठेवता येते आणि लेखकाचा शब्दही जसाच्या तसा राहू शकतो.

कापाब्लांकाच्या ‘चेस फंडामेंटल्स’ची गोष्ट याहून वेगळी आहे आणि मला ती अधिक बोचते, कारण इथे हेतू निःसंशय चांगला होता. हे पुस्तक १९२१ चे, म्हणजे ज्या वर्षी तो हवानात लास्करला हरवून जगज्जेता झाला त्या वर्षीचे. तेरा वर्षांनी काढलेल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत कापाब्लांकाने, त्या काळात गाजलेल्या ‘अतिआधुनिक’ मतांचा उल्लेख करून, असे प्रतिपादन केले होते की मूलतत्त्वे बदललेली नाहीत, आणि खेळाचे नियम आज आहेत तसेच राहिले तर हे पुस्तक शंभर वर्षांनीही तेवढेच उपयोगी राहील. त्याचा हा दावा कोणाला पटो वा न पटो, पण तो लेखकाने विचारपूर्वक केलेला दावा होता. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या रँडम हाउसने ‘पूर्णपणे सुधारित’ म्हणून त्याची नवी आवृत्ती काढली आणि ती ग्रँडमास्टर निक डी फर्मियन यांनी तयार केली. तिच्यात कापाब्लांकाचे स्वतःचे डाव वगळून त्यांच्या जागी अलीकडच्या खेळाडूंचे डाव घालण्यात आले आणि लेखकाच्या मजकुरालाही हात लावला गेला. मुखपृष्ठावर नाव मात्र कापाब्लांकाचेच राहिले.

आता मूळ पुस्तकात कोणते डाव होते ते पाहा. १९११ मध्ये सान सेबास्तियनला कापाब्लांका पहिल्यांदाच युरोपातील मोठ्या स्पर्धेत उतरला आणि त्याने ती स्पर्धा जिंकली, पण त्याच स्पर्धेत अकीबा रुबिनस्टाइनने त्याला एका डावात हरवले. तो हरलेला डाव कापाब्लांकाने आपल्या पुस्तकात घेतला आणि त्यावर टिपा लिहिल्या. जगज्जेता झालेला माणूस नवशिक्यांसाठी पुस्तक लिहितो आणि त्यात आपला पराभव समजावून सांगतो, ही गोष्ट मी दर वर्षी नव्या मुलांना सांगतो, कारण हरल्यानंतर डावाची नोंदवही फेकून देणारी मुले मला दर वर्षी भेटतात. त्या जागी आजच्या एखाद्या उत्कृष्ट खेळाडूचा उत्कृष्ट डाव घातला, तर मुलाला एक चांगला डाव मिळेल, पण लेखक स्वतःच्या चुकीविषयी बोलतो आहे, हे त्याला ऐकू येणार नाही. नवे डाव नव्या पुस्तकांत भरपूर आहेत. कापाब्लांकाने कापाब्लांकाच्या डावाविषयी काय म्हटले, हे फक्त त्याच्याच पुस्तकात आहे.

डी फर्मियन यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट इथेच नोंदवतो. १९११ मध्ये ग्रिफिथ आणि व्हाइट या दोघांनी सुरू केलेल्या ‘मॉडर्न चेस ओपनिंग्ज’ या संदर्भग्रंथाची २००८ ची पंधरावी आवृत्ती त्यांनीच तयार केली आणि ते काम तसेच व्हायला हवे होते. ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचा कोश हा कोणा एकाच्या मनाचा आरसा नसतो. त्यात जुने जाणे आणि नवे येणे हेच अपेक्षित असते, आणि पहिल्या आवृत्तीतील पाठ आज कोणी खेळू लागला तर तो मार खाईल. कोशाला लागू असलेली ही रीत एका माणसाच्या पुस्तकाला लावली, इथे गफलत झाली. पुस्तक हाती घेताना संपादकाने स्वतःला पहिला प्रश्न हाच विचारावा, की हे पुस्तक माहितीसाठी वाचले जाते की लेखकासाठी. पहिल्या प्रकारचे पुस्तक निःसंकोच बदलावे. दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकाला समोर ठेवावे, त्याच्याशी वाद घालावा, पण त्याच्या आत शिरू नये.

एंडगेमची, म्हणजे थोडीच मोहरी उरलेल्या डावाच्या शेवटाची पुस्तके या दोहोंच्या मध्ये येतात आणि तिथे प्रश्न खरोखर अवघड आहे. एक उदाहरण घेतो. एका बाजूला राजा आणि दोन उंट, दुसऱ्या बाजूला राजा आणि एकटा घोडा. क्लिंग आणि हॉरविट्झ यांनी १८५१ मध्ये अशी एक स्थिती दाखवली होती, की घोडा बी७ वर आणि त्याचा राजा शेजारी उभा राहिला तर बचाव अभेद्य होतो. पटाच्या चारही कोपऱ्यांत अशी एकेक जागा मिळते. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे पुस्तकांनी हा शेवट साधारणतः बरोबरीचा मानला. १९८३ च्या सुमारास संगणकतज्ज्ञ केन थॉम्प्सनने संगणकावर या मोहऱ्यांच्या सर्व स्थिती तपासल्या, तेव्हा दिसले की सर्वसाधारणपणे उंटांचाच विजय होतो, जास्तीत जास्त सहासष्ट चाली लागतात, आणि ती अभेद्य मानलेली तटबंदीही फोडता येते. बचाव करणाऱ्याला काही चालींनंतर ती जागा सोडावी लागते आणि दुसऱ्या कोपऱ्यात ती पुन्हा उभारण्याचा त्याचा प्रयत्नही अखेर फसतो. अशा शोधांमुळे पन्नास चालींच्या नियमातही (तेवढ्या चालींत प्यादे हलले नाही वा काही मारले गेले नाही, तर डाव बरोबरीत सोडवता येतो) फिडेने काही शेवटांसाठी सवलत दिली होती आणि १९९२ मध्ये ती रद्द करून मर्यादा पुन्हा सरसकट पन्नासवर आणली. म्हणजे माहिती बदलली, तिच्यामुळे नियम बदलला, आणि तो नियम पुन्हा पूर्वपदावर आला. २०१२ मध्ये मॉस्को विद्यापीठातील लोमोनोसोव्ह महासंगणकावर सात मोहऱ्यांपर्यंतच्या सर्व स्थितींचा निकाल लागला. एवढे हाताशी असताना, विद्यार्थी ज्यावरून अभ्यास करतो त्या पुस्तकात चुकीचा निर्णय तसाच ठेवणे मलाही मान्य नाही.

परंतु दुरुस्ती करण्याची चांगली रीतही याच क्षेत्रात आपल्यासमोर आहे. रूबेन फाइनचे ‘बेसिक चेस एंडिंग्ज’ हे १९४१ चे पुस्तक, त्यातील चुकांच्या याद्या खेळाडू वर्षानुवर्षे करीत होते, आणि २००३ मध्ये पाल बेन्को यांनी ते सुधारले तेव्हा पुस्तकावर त्यांचे नाव आले आणि वाचकाला काय हाती घेतो आहोत हे कळले. मार्क द्वोरेत्स्की २०१६ मध्ये गेले. त्यानंतर त्यांच्या ‘एंडगेम मॅन्युअल’ची पाचवी आवृत्ती जर्मन ग्रँडमास्टर कार्स्टन म्यूलर यांनी सिद्ध केली आणि तीही म्यूलर यांच्या नावाच्या उल्लेखासह निघाली. मला यापुढे आणखी एक पाऊल हवे आहे. लेखक हयात नसेल तर मूळ निर्णय पानावर तसाच राहावा, आणि त्याच पानाच्या तळाशी किंवा समासात संपादकाने आपल्या आद्याक्षरांसह लिहावे, की आज तपासल्यावर येथे काळ्याचा बचाव टिकत नाही, अमुक चालीने पांढरा जिंकतो. विद्यार्थ्याला बरोबर उत्तर मिळेलच. शिवाय एवढा मोठा अभ्यासक कुठे फसला, आणि ती फसगत शंभर वर्षे कोणाच्या लक्षात का आली नाही, हेही त्याच पानावर दिसेल.

शेवटांइतके निश्चित उत्तर जिथे नाही, तिथे तर हात अधिकच आखडता हवा. इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारी संगणक-प्रणाली, एखाद्या स्थितीला ‘अधिक ०.७’ (पांढरा पाऊण प्याद्याइतका वरचढ) असा आकडा देते, आणि तो आकडा खाली छापला की दुरुस्ती पूर्ण झाली असे मानण्याची प्रथा पडते आहे. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या झुरिक १९५३ या उमेदवारांच्या स्पर्धेवरील डेव्हिड ब्रॉन्स्टीनचे पुस्तक घ्या. पंधरा खेळाडू, तीस फेऱ्या, दोनशे दहा डाव, आणि विजेता स्मिस्लोव्ह. बोरिस वाइनस्टाइन यांच्या साहाय्याने लिहिलेले हे पुस्तक रशियनमध्ये १९५६ साली निघाले. ब्रॉन्स्टीनची भूमिका अशी होती की चालींच्या लांबच लांब माळा देण्याऐवजी खेळाडू काय करू पाहत होते ते सांगावे: काळ्या घरांवर ताबा मिळवण्यासाठी एखादे प्यादे कसे सोडून दिले जाते, किंग्ज इंडियन बचावात मागे पडलेले डी६ चे प्यादे वाटते तितके दुबळे का नसते. आजच्या इंजिनाला या पुस्तकात शेकडो ठिकाणी बोट ठेवता येईल. पण ज्या परिच्छेदात एक उमेदवार आपल्याच पिढीतील दुसऱ्या उमेदवाराच्या मनात काय चालले असेल ते सांगतो आहे, त्या परिच्छेदाची जागा आकड्याने घेता येत नाही. वर्गात मुले मला विचारतात की इंजिन तर दुसरीच चाल सांगते, मग याने ही का खेळली. मी त्यांना सांगतो, तो काय म्हणतो ते आधी वाचा, आणि मग इंजिन लावा. आकडा जर लेखकाच्या वाक्याआधी डोळ्यांत भरला, तर वाक्य कोणी वाचत नाही. तेव्हा संगणकाचे मूल्यमापन द्यायचेच असेल तर ते पुस्तकाच्या अखेरीस, वेगळ्या परिशिष्टात द्यावे.

निम्झोविचच्या ‘माझी पद्धत’ या ग्रंथाविषयी मी थोडे अधिक लिहीन, कारण तिथे शैली हाच विषय आहे. मोकळे सुटलेले प्यादे हा गुन्हेगार असून त्याला कुलूपबंद ठेवायला हवे, नुसती पोलिसांची पाळत पुरेशी नाही, असे तो लिहितो, आणि त्या एका वाक्याने नाकेबंदीची कल्पना पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोक्यात पक्की बसली. त्याचे लेखन ठिकठिकाणी आढ्यतेचे, भांडखोर आणि नाटकी आहे. समकालीन जर्मन खेळाडू टाराश याच्याविषयीची त्याची चीड लपत नाही. आजच्या संपादकाला हे सारे काढून टाकून पंधरा सुटसुटीत नियम छापण्याचा मोह होईल. १९२९ च्या जुन्या इंग्रजी भाषांतराऐवजी मूळ जर्मनवरून नवे भाषांतर २००७ मध्ये क्वालिटी चेसने छापले, आणि माझ्या मते नूतनीकरणाचा हा उत्तम मार्ग आहे, कारण भाषांतर जुने होते, मूळ लेखन नव्हे. नवा अनुवादक लेखकाच्या जवळ जातो. सारांश करणारा त्याच्यापासून दूर नेतो.

ज्यांना जुन्या डावांवर आजच्या साधनांनी नव्याने लिहायचे आहे, त्यांच्यापुढे कास्पारोव्हचे उदाहरण आहे. २००३ पासून निघालेल्या आपल्या पूर्वसूरींवरील ग्रंथमालेत त्याने स्टाइनिट्झपासूनच्या जगज्जेत्यांचे डाव संगणकाच्या मदतीने पुन्हा तपासले, जुन्या टीकाकारांची मते खोडली, आणि स्वतः केलेल्या चुकांवर टीकाही ऐकून घेतली. ग्रंथावर नाव त्याचे होते, त्यामुळे श्रेय आणि दोष दोन्ही त्याच्याकडे गेले. मूळ पुस्तके आपापल्या जागी राहिली आणि कोणालाही दोन्ही शेजारी ठेवून पाहता आली.

या बाबतीत आपल्याकडचा एक जुना दाखला मला फार मोलाचा वाटतो. १८१४ साली मुंबईत ‘एसेज ऑन चेस’ नावाचे एक पुस्तक छापले गेले. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृतात रचलेल्या बुद्धिबळाच्या स्थितींचे ते इंग्रजी रूप होते. तेव्हा आपल्याकडचा खेळ आणि युरोपातला खेळ यांत प्याद्याची पहिली चाल, राजाचा किल्लेकोट अशा बाबतींत फरक होता, म्हणून त्यातील स्थिती युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेल्या होत्या. आणि ही गोष्ट त्या पुस्तकाने झाकली नाही. युरोपीय पद्धतीला अनुसरून जुळवलेले, आणि मूळ संस्कृतातून भाषांतरित, असे त्याच्या शीर्षकपृष्ठावरच छापलेले आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या मुंबईतील छापखान्याने जे पाळले, ते आजच्या प्रकाशकाला जड जाऊ नये.

आता मराठी अनुवादकांसाठी. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते. रेती १९२९ मध्ये, टाराश १९३४ मध्ये, निम्झोविच १९३५ मध्ये, लास्कर १९४१ मध्ये, कापाब्लांका १९४२ मध्ये आणि अलेखाइन १९४६ मध्ये निवर्तले. म्हणजे या साऱ्यांनी स्वतः लिहिलेले मूळ ग्रंथ मराठीत आणायला आज कोणाच्या परवानगीची गरज नाही. मात्र नंतरच्या संपादकांनी केलेल्या सुधारित आवृत्त्यांवर आणि अलीकडच्या भाषांतरांवर त्यांचे स्वतंत्र हक्क असतात, म्हणून अनुवाद मूळ आवृत्तीवरूनच करावा, आणि तसे करणे वाचकाच्याही हिताचे आहे. ‘चेस फंडामेंटल्स’चा जुना पाठ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर कोणालाही विनामूल्य वाचता येतो, त्यामुळे मूळ प्रत मिळाली नाही ही सबब इथे चालणार नाही.

मराठीत मोहऱ्यांची नावे सगळ्यांना ठाऊक असली, तरी चाली कशा लिहाव्यात हा प्रश्न उरतो. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा यांची आद्याक्षरे वापरून केलेली नोंद वाचायला सोपी वाटते. परंतु सांगली, पुणे वा नागपूर, कुठल्याही स्पर्धेत मुले डावाच्या नोंदपत्रिकेवर इंग्रजी अक्षरेच लिहितात, आणि पुस्तकाची एक व स्पर्धेची दुसरी अशा दोन लिपी त्यांच्यावर लादू नयेत. मोहऱ्यांच्या छोट्या चित्रखुणा वापरल्या की हा तिढा सुटतो. टीकेची भाषा मात्र मराठीच असावी, आणि ती सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळासारख्या ठिकाणी खेळाडू डाव संपल्यावर पटापाशी उभे राहून जी बोलतात, तीच असावी. ‘वजीर लटकतोय’, ‘हत्तीला मोकळी पट्टी मिळाली’, ‘प्यादे पुढे रेटले’, हे शब्द तिथे रोज ऐकू येतात. अनुवाद करताना ‘पिन’ (मोहरे जागीच बांधले जाणे) आणि ‘फोर्क’ (एकाच वेळी दोन मोहऱ्यांवर हल्ला) यांना ओढूनताणून संस्कृत पर्याय शोधू नयेत, मुले हेच शब्द वापरतात.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे सहज दुर्लक्ष होते. जुन्या पुस्तकांत लेखक खेळाडूला सर्वत्र पुल्लिंगी संबोधतो, आणि काही ठिकाणी स्त्रियांच्या खेळाविषयी आज ऐकवणार नाहीत अशी वाक्ये असतात. २०२५ मध्ये बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकणारी दिव्या देशमुख नागपूरची आहे, आणि माझ्या वर्गातही मुली आहेत, तेव्हा हा प्रश्न मला टाळता येत नाही. अनुवादात सर्वनामे सोयीची करावीत, मराठी क्रियापदांच्या रचनेत ते साधता येते. पण लेखकाचे मतच बदलून त्याला त्याच्या काळापेक्षा उदार दाखवू नये. तिथेही तळटीप द्यावी आणि आपले मत स्वतःच्या नावाने स्पष्ट लिहावे.

तर माझी विनंती अशी आहे, की यापुढे कोणताही अभिजात ग्रंथ नव्याने काढताना शीर्षकपृष्ठाच्या मागे चार गोष्टी छापाव्यात: पाठ मूळच्या कोणत्या आवृत्तीवरून घेतला, चालींची पद्धत कोणी बदलली आणि कोणी तपासली, मजकुरातून काय वगळले, आणि संपादकाच्या टिपा कोणत्या खुणेने ओळखाव्यात. याला अर्धे पान पुरेल. जे आधीच छापले गेले आहे, त्याबाबत पुढच्या मुद्रणात हे अर्धे पान जोडता येईल.

मराठीत असे एखादे काम कोणी हाती घेणार असेल, तर मुद्रणप्रती तपासायला आमच्याकडची मोठी मुले आणि मी तयार आहोत. प्रत्येक चाल पट मांडून खेळून पाहू आणि चुकांची यादी पानांच्या क्रमाने पाठवू. या कामाचे मानधन नको, मुलांसाठी पुस्तकाच्या दोन प्रती मिळाल्या तर पुरे.

कळावे,

आपला,
बुद्धिबळाचा एक शिक्षक